गुगल नव्हतं तेव्हा ‘नको ते’ प्रश्न कुणाला विचारायचे? र. धों. कर्वे यांची गोष्ट



आपल्या फोनमध्ये एक जागा अशी असते जी आपण कुणालाच दाखवत नाही. गॅलरी नाही, चॅटसुद्धा नाही. ती जागा म्हणजे सर्च हिस्ट्री. रात्री सगळे झोपल्यावर ब्राउझरमध्ये इन्कग्निटो टॅब उघडून आपण जे टाइप करतो, ते आई-वडिलांना विचारता येत नाही, शिक्षकांना नाही आणि मित्रांना तर अजिबात नाही. मला जे वाटतं ते नॉर्मल आहे का? मला मुलगी आवडत नाही, मुलगा आवडतो, तर मी आजारी आहे का? हे प्रश्न जगात सगळीकडे टाइप होतात, मराठीतही होतात.

आता गंमत बघा. हेच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीही मराठी माणसाला पडत होते. तेव्हा गुगल नव्हतं, पण पोस्टकार्ड होतं. आणि त्या पोस्टकार्डाला उत्तर देणारा एक माणूस मुंबईत होता. त्याने उत्तरं दिली म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि त्याच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

आजच्या लेखात आपण या माणसाची, म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांची गोष्ट जाणून घेणार आहोत. टेक्नॉलॉजीच्या साइटवर हे कशाला, असं वाटलं तर थोडं थांबा. माहिती कुणापर्यंत पोहोचू द्यायची आणि कुणापर्यंत नाही, हा भांडणाचा मुद्दा फोनच्याही आधीचा आहे. शेवटी मी तुमच्या फोनवरच येणार आहे.

सुरुवात एका लग्नापासून

र. धों. यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचा. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपण ज्यांना महर्षी कर्वे म्हणतो ते. आई राधाबाई. १८९१ मध्ये आई गेली तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्या काळात विधुर पुरुषाने पुन्हा लग्न करणं ही रोजची गोष्ट होती. पण धोंडोपंतांनी लग्न केलं ते गोदूबाईंशी, आणि गोदूबाई विधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं, घरच्यांच्या त्या बाया.

झालं! मुरुडच्या लोकांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकलं. ज्या गावात लहानाचे मोठे झाले, त्याच गावात परके झाले.

इथे एक तारीख लक्षात ठेवा. विधवेच्या लग्नाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. म्हणजे धोंडोपंतांचं लग्न कायद्याने शंभर टक्के वैध होतं. सदतीस वर्षं झाली तरी गावाला ते मान्य नव्हतं. कायदा बदलला की माणसं बदलतात असं नाही, हे त्या अकरा वर्षांच्या मुलाने पुस्तकात वाचलं नाही, घरात बसून पाहिलं. दोन मोठ्या माणसांनी आपल्या मर्जीने केलेलं लग्न गावाच्या मंजुरीवर का अडावं, हा प्रश्न त्याच्या घरातच तयार झाला होता.

गणिताचा प्राध्यापक आणि त्याचा ‘हट्ट’

रघुनाथ अभ्यासात कमालीचा हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाला. विषय गणित. पुढे गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. पगार होता, प्रतिष्ठा होती, महर्षींचा मुलगा म्हणून नाव होतं. इथेच थांबला असता तर आयुष्य मजेत गेलं असतं.

पण त्यांनी आजूबाजूला पाहिलं. एकामागून एक बाळंतपणांत बायका खंगून मरत होत्या. गुप्तरोग झालेले पुरुष लाजेपोटी डॉक्टरकडे जात नव्हते, आणि तेच रोग घरी बायकोला देत होते. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट: शरीराबद्दल बोलायचं नाही.

१९२१ मध्ये र. धों. यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं प्रसिद्ध क्लिनिक उघडलं. म्हणजे याबाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन’ हे पुस्तक आलं, त्यानंतर गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावर पुस्तक आलं. साध्या मराठीत, आडपडदा न ठेवता.

कॉलेज मिशनऱ्यांचं. हे काम थांबवा, नाहीतर नोकरी सोडा, असा निरोप आला. कर्व्यांनी नोकरी सोडली.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई यांचं नाव हमखास मागे पडतं. दोघांनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि र. धों. यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली. नवरा नोकरी सोडून असलं ‘वाईट’ काम करतो म्हणून लोक काय काय बोलत असतील, याची कल्पना करा. नोकरी गेल्यावर घर कसं चालायचं, हा प्रश्न मालतीबाईंच्याही वाट्याला आला. त्यांनी साथ सोडली नाही.

‘समाजस्वास्थ्य’: कागदावरची प्रश्नोत्तरांची साइट

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक काढलं. लिहिणारे तेच, संपादक तेच, प्रुफं तपासणारेही तेच. पुढे शकुंतला परांजपे यांच्यासारखे मोजके सहकारी मिळाले, पण गाडा ओढला एकट्याने. आजच्या भाषेत सांगायचं तर एकट्या माणसाने चालवलेला चॅनेल. मॉनेटायझेशन शून्य, रिपोर्ट मारणारे हजार.

मासिकात लेख असायचे, पुस्तकांची परीक्षणं असायची. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं आणि त्यावरूनही गदारोळ व्हायचा. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो वाचकांच्या प्रश्नांचा विभाग. लोक पत्राने प्रश्न पाठवायचे आणि कर्वे अंकातून उत्तर द्यायचे. विचारणाऱ्याचं नाव बाहेर यायचं नाही.

नीट विचार केला तर ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्याही हुशार होती. प्रश्न एकाचा, पण उत्तर छापून आलं की तोच प्रश्न पडलेल्या शेकडो जणांना ते न विचारता मिळायचं. आणि एक अदृश्य फायदा असा, की कुठल्या तरी गावात बसलेल्या माणसाला पहिल्यांदा कळायचं, हा प्रश्न पडलेला मी एकटा नाही. आज एफएक्यू पेज किंवा रेडिटसारखी साइट जे करते, तेच हे मासिक महिन्यातून एकदा पोस्टाने करायचं.

प्रश्न काय असायचे? हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, स्त्रीला सुख मिळतं की नाही, मूल होऊ द्यायचं नसेल तर काय वापरायचं. आणि पुरुषाला पुरुषाबद्दल वाटणारं आकर्षण हे पाप आहे की रोग.

कर्व्यांची भूमिका या सगळ्यात एकच होती. दोघांची इच्छा असेल, जबरदस्ती नसेल, कुणाचं नुकसान होत नसेल, तर कामसुखात अनीती शोधू नये. धर्म काय म्हणतो यापेक्षा विज्ञान काय सांगतं ते बघा. हा नियम त्यांनी स्त्रियांनाही तसाच लावला, आणि लोकांना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

त्यांचं सगळंच आज पटेल असं मात्र नाही. कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत, याबद्दल त्या काळी जगभर सुप्रजननाची जी लाट होती, तिचा प्रभाव त्यांच्यावरही होता. ते लिखाण आज वाचताना खटकतं. मोठ्या माणसाची पूजा करायची गरज नाही, त्याने काय केलं ते नीट पाहिलं तरी पुरे.

पहिला खटला आणि अश्लीलता मोजायची इंग्रजी पट्टी

१९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. शिक्षा म्हणून शंभर रुपये दंड झाला. अपील केलं, तेही गेलं.

तेव्हा अश्लील काय हे ठरवायची पट्टी थेट इंग्लंडहून आलेली होती. १८६८ च्या हिकलिन खटल्यातली. ती पट्टी असं मोजायची, की एखादं लिखाण ज्याचं मन सहज बिघडू शकतं अशा माणसाच्या हातात पडलं, तर त्याच्यावर काय परिणाम होईल. म्हणजे लेख कुणासाठी लिहिला, कशासाठी लिहिला, त्यातली माहिती खरी आहे का, याला किंमत कमी. सगळ्यात कच्च्या मनाच्या माणसाला काय वाटेल, त्यावर सगळ्यांनी काय वाचायचं ते ठरणार.

आपल्या सुप्रीम कोर्टाने ही पट्टी बाजूला ठेवली ती थेट २०१४ मध्ये, टेनिसपटू बोरिस बेकरच्या एका फोटोवरून चाललेल्या अवीक सरकार खटल्यात. आता समाजाची आजची समज आणि संपूर्ण मजकुराचा संदर्भ पाहिला जातो. इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरासाठी वेगळं कलम आहे, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ६७. ते माहीत असू द्या. पण आरोग्याची माहिती देणं आणि अश्लील क्लिप पसरवणं यातला फरक कुठून सुरू होतो, याचं भांडण आपल्याकडे कर्व्यांनी स्वतःच्या खिशातून लढलं.

१९३४: आंबेडकर उभे राहतात

तीन वर्षांनी दुसरा खटला. या वेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुन आणि समलैंगिकता हे त्यातले मुख्य विषय.

वकील कोण देणार? ज्या माणसाशी ओळख दाखवायला प्रतिष्ठित लोक कचरत होते, त्याचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. १९३४ म्हणजे पुणे करार होऊन दीडच वर्ष झालं होतं. गोलमेज परिषदा झाल्या होत्या, देशभर नाव झालं होतं, शत्रूही भरपूर झाले होते. कर्व्यांची केस घेऊन त्यांना मिळण्यासारखं काहीच नव्हतं. तरी घेतली.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे आणि वाचक त्याच विषयावर प्रश्न विचारतात. मग उत्तर द्यायचं की नाही? विषय लैंगिक आहे एवढ्यावरून उत्तर अश्लील ठरत नाही. असले विकृत प्रश्न छापताच कशाला, असा मुद्दा समोरून आला. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की अज्ञान आणि विकृती घालवायची असेल तर ती ज्ञानानेच जाईल, तोंड दाबून नाही. आणि समलैंगिकतेबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचा आधार घेतला: काही माणसांची ओढ जन्मतःच तशी असते, आणि आपल्याला पटेल त्या मार्गाने सुख मिळवण्यात त्यांचं काही चुकत नाही.

पुन्हा एकदा तारीख बघा. १९३४. हिटलर सत्तेवर येऊन वर्ष झालं होतं आणि बर्लिनमधली माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक संशोधन संस्था १९३३ मध्ये लुटून तिची पुस्तकं जाळली गेली होती. ज्या हॅवलॉक एलिसचा आधार घेतला, त्याचं समलैंगिकतेवरचं पुस्तक विकल्याबद्दल १८९८ मध्ये लंडनमध्ये एका विक्रेत्यावर खटला झाला होता. आणि संगणकशास्त्राचा पाया घालणारा ॲलन ट्युरिंग तेव्हा केंब्रिजमध्ये बावीस वर्षांचा होता. अठरा वर्षांनी, १९५२ मध्ये, इंग्लंडच्याच कोर्टाने त्याला समलैंगिक संबंधांवरून दोषी ठरवलं आणि हार्मोनची इंजेक्शनं घ्यायला लावली. अशा जगात मुंबईच्या कोर्टात एक दलित बॅरिस्टर आणि एक चित्पावन गणितज्ञ ही बाजू मांडत होते.

निकाल? हरले. दोनशे रुपये दंड.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर हा किस्सा वाढवून फिरतो. हा खटला समलैंगिक संबंधांच्या कलमाखाली नव्हता. तो अश्लील प्रकाशनाचा खटला होता. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ वेगळं. ते १८६० च्या दंड संहितेतलं, मेकॉलेच्या मसुद्यातून आलेलं. १९३४ मध्ये त्या कलमाला कुणी हात लावला नव्हता. आंबेडकर-कर्व्यांनी मागितलं ते त्याच्या आधीचं होतं: या विषयावर खरं बोलायची मोकळीक. ती मिळाल्याशिवाय पुढचं काही मागताच येत नाही.

शेवटपर्यंत एकटेच

दंड भरून कर्व्यांनी पुन्हा मासिक काढलं. १९३४ मध्येच त्यांचं ‘आधुनिक कामशास्त्र’ आलं. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो पडला. मासिक चालूच.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. ज्या कामासाठी कर्व्यांची नोकरी गेली, तेच काम आता सरकार करणार होतं. दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, ७१ व्या वर्षी ते गेले. मासिक त्यांच्या मरणापर्यंत सव्वीस वर्षं चाललं आणि त्यांच्याबरोबरच संपलं. वडील तेव्हा हयात होते, पंचाण्णव वर्षांचे. पुढे १९५८ मध्ये वडिलांना भारतरत्न मिळालं. मुलाचं नाव मराठी घरांत कितीतरी वर्षं खालच्या आवाजात घेतलं जायचं.

बेटेगावातलं मोबाइलचं दुकान आणि एक ड्रॉपडाउन

आता फोनकडे येऊ. मी बोईसरजवळ बेटेगावात राहतो, आणि या साइटवर लिहिण्याशिवाय मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान चालवतो. तारापूर एमआयडीसीत काम करणारी पोरं माझी गिऱ्हाइकं. खानदेशातली, विदर्भातली, यूपी-बिहारची. एका खोलीत चार-पाच जण, शिफ्ट वेगवेगळ्या, चार्जर एकच. अशा खोलीत प्रायव्हसी नावाची गोष्ट फक्त सहा इंचांच्या स्क्रीनवर असते. म्हणून स्क्रीनगार्डच्या खालोखाल मला जास्त विचारलं जातं ते ॲप लॉकबद्दल.

मध्यंतरी एक जण आला. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्याला पीएफचं ई-नॉमिनेशन भरायचं होतं. फॉर्म उघडला, नाव टाकलं, आणि नात्याच्या ड्रॉपडाउनवर तो थांबला. त्याने यादी वरून खाली सरकवली, खालून वर सरकवली. मग मला हळूच विचारलं, सोबत राहणाऱ्यासाठी काय निवडायचं? किती वर्षांपासून सोबत, मी विचारलं. त्याने बोटं दाखवली. सहा.

मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. बँक खात्याला नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव देता येतं, नातेवाईकच हवा असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की एलजीबीटीक्यू व्यक्तींना जोडीदारासोबत जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलाही अडथळा नाही. रेशन कार्डासाठीही जोडीदारांना एकाच घरातले समजावं, अशी सूचना राज्यांना गेली आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात येतात, तरी कायदेशीर वारस दावा करू शकतात, म्हणून मृत्युपत्र करून ठेवावं.

पीएफचं तसं नाही. नियमात ‘कुटुंब’ म्हणजे कोण ते लिहून ठेवलंय. तसं कुटुंब असेल तर बाहेरच्याचं नाव चालत नाही. पेन्शनमध्ये विधवेला किंवा विधुराला हक्क असतो, सहा वर्षं सोबत राहिलेल्या मित्राला नसतो.

तो काही बोलला नाही. आईचं नाव भरून ओटीपी टाकला आणि गेला.

समलिंगी विवाहाचा वाद टीव्हीवर पाहिला की तो संस्कृती, परंपरा, परदेशी फॅड असल्या मोठ्या शब्दांत चालतो. बेटेगावात तो एका ड्रॉपडाउनमध्ये मावतो.

मग कायदा आज कुठे आहे?

पटकन उजळणी करू:

* २००९: दिल्ली हायकोर्टाने नाझ फाउंडेशन खटल्यात सांगितलं, सज्ञान व्यक्तींचे खासगीतले सहमतीचे संबंध गुन्हा नाहीत.
* २०१३: सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. पुन्हा गुन्हा.
* २०१७: पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. हा खटला निघाला होता आधारवरून! डेटाच्या भांडणातून आलेला हक्क पुढे प्रेमाच्या उपयोगी पडला.
* ६ सप्टेंबर २०१८: नवतेज सिंग जोहर खटल्यात सहमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही.
* १७ ऑक्टोबर २०२३: सुप्रियो खटला. पाचही न्यायाधीशांचं एकमत, की लग्न करण्याचा मूलभूत हक्क संविधानात नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा कोर्ट बदलू शकत नाही. लग्नाऐवजी निदान जोडीदार म्हणून मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन असं ‘नाही’ आलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या.

सरकारचं म्हणणं असं, की लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचं नातं ही इथली समजूत आहे, वारसा, दत्तक, पोटगी असे कितीतरी कायदे त्यावर उभे आहेत, आणि बदल करायचा तर संसदेने करावा. याचिका करणाऱ्यांचं म्हणणं, की समान नागरिक असू तर पेन्शन आणि हॉस्पिटलच्या सहीसाठी संसदेची वाट किती पिढ्यांनी बघायची? तैवानने २०१९ मध्ये परवानगी दिली, थायलंडने २०२५ मध्ये. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली.

संसदेने ठरवावं हा मुद्दा मला पटतो. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदाही कोर्टाने नव्हे, कायदेमंडळानेच केला होता. पण त्या कायद्याच्या आधी कितीतरी लोकांनी गावोगाव बोलून, लिहून, शिव्या खाऊन ठेवल्या होत्या. आणि कायदा आल्यावरही मुरुडने वाळीत टाकलंच. बोलणं आधी लागतं, नंतरही लागतं. कर्वे ते करत होते. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ काढून आणि पुढे हमसफर ट्रस्ट उभा करून ते केलं, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने मराठीत केलं.

तुमच्या फोनसाठी पाच गोष्टी

१. इन्कग्निटो म्हणजे अदृश्य नाही. हिस्ट्री फक्त तुमच्या फोनवर राहत नाही. इंटरनेट कंपनीला किंवा ऑफिसच्या वायफायवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं.

२. लिंक्ड डिव्हाइसेस तपासा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. तुमचं चॅट दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर उघडं नाही ना? खासगी चॅटला चॅट लॉक लावा.

३. डेटिंग ॲपवर घाई नको. चेहरा, कंपनीचं नाव, खोलीचा पत्ता आधी देऊ नका. पहिली भेट गर्दीच्या जागी ठेवा. फेक प्रोफाइल बनवून, मग घरी सांगू म्हणून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत.

४. ब्लॅकमेल झालं तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट डिलीट न करता स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. आणि लक्षात ठेवा, सज्ञान माणसाचं समलैंगिक असणं आता गुन्हा नाही, गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे.

५. मन फार जड झालं तर १४४१६ वर बोला. ही सरकारची मोफत टेलिमानस सेवा आहे.

‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा कर्व्यांवरच आहे, आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक खटल्यांवर आहे. वेळ मिळेल तेव्हा नक्की बघा.

दर वेळी शेवटी मी लिहितो, लेख आवडला तर सगळ्या ग्रुपवर शेअर करा. या वेळी तसं म्हणत नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल, जो अशा फॉर्मच्या यादीवर थांबून राहतो, त्याला एकट्याला पाठवा. आणि तुमचा काही प्रश्न असेल तर आम्हाला लिहा. नाव टाकायची गरज नाही, उत्तर मिळेल.